उसाचे इंधन आणि शेतकऱ्याचा ट्रॅक्टर

१९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्यानंतर अहिल्यानगर जिल्ह्याचे अर्थकारण उसाभोवतीच फिरत राहिले. अलीकडे साखरेइतकीच आशा इथेनॉलवर आहे. पेट्रोलमध्ये ते वीस टक्के मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ साली गाठले गेले, हे यश निर्विवाद होय. परंतु ऊस शेतातून कारखान्यापर्यंत येतो तो डिझेलवर, आणि डिझेलशी इथेनॉलचे जमत नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधनाने आपण होऊन पेटावे लागते. हा गुण सीटेन अंकाने मोजतात. आपल्या डिझेलचा तो किमान ५१ असावा लागतो. इथेनॉलचा त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. शिवाय इथेनॉल पाणी शोषून डिझेलपासून वेगळे होते. दहा टक्के मिश्रणाचा प्रयोग यशस्वी झाला नाही, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितले आणि आयसोब्युटेनॉलचा पर्याय पुढे केला. त्यात उष्णता अधिक व पाण्याची ओढ कमी, हे खरे; पण सीटेनची उणीव त्यालाही चुकलेली नाही.

तेलापासून केलेले बायोडिझेल इंजिनाला अधिक मानवते. त्यातील प्राणवायूमुळे धूर घटतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००२ साली केलेल्या विश्लेषणात वीस टक्के मिश्रणाने सूक्ष्म कण सुमारे दहा टक्क्यांनी, तर कार्बन मोनॉक्साइड अकरा टक्क्यांनी कमी झाले. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र दोन टक्क्यांनी वाढली. शक्ती किंचित घटते, जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात. ते असो. मुख्य अडचण तेलाची आहे. २०३० पर्यंत पाच टक्के बायोडिझेलचे उद्दिष्ट २०१८ च्या धोरणाने ठेवले. पण खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीवर भागविणाऱ्या देशाने ते आणावे कोठून? मोगली एरंडाच्या लागवडीचा गाजावाजाही अखेर विरलाच.

तेव्हा पुन्हा उसाकडेच वळायचे, तर पाण्याचा हिशेब आधी मांडावा लागेल. पाथर्डी, जामखेडच्या शेतकऱ्याला तो समजावून सांगण्याची गरज नाही. आणि नव्या मिश्रणाने इंधनपंप बिघडला तर दुरुस्तीचा भुर्दंड कोणी सोसावा, हेही आधीच ठरावे. प्रयोगशाळेतील नवे इंजिन आणि पंधरा वर्षे उसाच्या ट्रॉल्या ओढलेला ट्रॅक्टर यांत फार अंतर असते. राहुरीला कृषी विद्यापीठ आहे, तेथे कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. सक्तीचा आदेश निघण्यापूर्वी अशा जुन्या ट्रॅक्टरांवर एक संपूर्ण गळीत हंगाम चाचणी घेऊन तिचे आकडे शेतकऱ्यांपुढे ठेवण्यास सरकारची हरकत नसावी.