विश्लेषण : महासंगणकात दोन प्रकारच्या चिप कशासाठी?

जर्मनीतील युलिश येथे ५ सप्टेंबर २०२५ रोजी ‘ज्युपिटर’ महासंगणकाचे उद्घाटन झाले. युरोपचा हा पहिला ‘एक्झास्केल’ संगणक, म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतकी गणिते करण्याच्या क्षमतेचा. बातम्यांत हा आकडाच गाजला. खरी गंमत मात्र त्याच्या रचनेत आहे आणि तिचा संबंध आपल्याकडच्या पावसाच्या अंदाजाशीही पोहोचतो.

दोन प्रकार कोणते?

नेहमीचा प्रोसेसर, म्हणजे सीपीयू, गुंतागुंतीचे निर्णय एकामागून एक झपाट्याने घेतो. जीपीयूमध्ये हजारो साधी गणक-एकके एकच कृती एकाच वेळी करतात. भातलावणीला पन्नास माणसे लावली तर शेत लवकर उरकते; सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त करायला पन्नास जण तलाठ्याकडे पाठवून उपयोग नसतो, तिथे एकच जाणकार लागतो. शास्त्रीय गणितांत दोन्ही तऱ्हेची कामे मिसळलेली असतात. एखाद्या प्रोग्रॅमचा १० टक्के भाग क्रमानेच करावा लागत असेल, तर उरलेल्या भागासाठी कितीही चिप जोडल्या तरी एकूण वेग दहापटीपलीकडे जात नाही.

म्हणून ज्युपिटरची आखणी दोन विभागांत आहे. ‘बूस्टर’मध्ये एनव्हिडियाच्या सुमारे २४ हजार चिप असून प्रत्येकीत सीपीयू आणि जीपीयू शेजारी-शेजारी बसवलेले आहेत. ‘क्लस्टर’ हा दुसरा विभाग फक्त सीपीयूंचा. त्यासाठी निवडलेला युरोपीय बनावटीचा ‘ऱ्हिआ’ प्रोसेसर रखडल्याने उद्घाटनाच्या वेळी तो तयार नव्हता.

याचा फायदा काय?

ज्युपिटरवर ‘आयकॉन’ हे हवामान मॉडेल संपूर्ण पृथ्वीसाठी सव्वा किलोमीटरच्या चौकटींत चालवून पाहण्यात आले. वातावरण आणि जमीन यांचे गणित जीपीयूकडे, तर समुद्राचे त्याच चिपवरील सीपीयूकडे दिले गेले. एरवी जीपीयूला माहिती पुरवत बसणारा सीपीयू त्यामुळे कामाला लागला. या प्रयोगाला २०२५चे हवामान मॉडेलिंगचे गॉर्डन बेल पारितोषिक मिळाले.

हे सोपे का नाही?

मिश्र यंत्र विकत घेता येते, त्यासाठीचा प्रोग्रॅम नव्याने लिहावा लागतो. अमेरिकेच्या लॉस अ‍ॅलामॉसमधील ‘रोडरनर’ने २००८ मध्ये पहिल्यांदा पेटाफ्लॉपची, म्हणजे एकावर पंधरा शून्यांची सीमा ओलांडली. त्यात सर्वसाधारण प्रोसेसरांच्या जोडीला प्लेस्टेशन ३ मधल्या ‘सेल’ चिपची सुधारित आवृत्ती होती. तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहिणे महाकठीण. ‘सेल’ची ही शाखा पुढे वाढलीच नाही आणि २०१३ मध्ये रोडरनर बंद झाला. उलट उदाहरण स्वित्झर्लंडचे. तिथल्या हवामान खात्याचे रोजचे अंदाज २०१६ पासून जीपीयूवर निघू लागले. त्याआधीची काही वर्षे मॉडेलची पुनर्रचना करण्यातच गेली होती.

पुण्यात काय स्थिती?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत सप्टेंबर २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉपचा ‘अर्का’ दाखल झाला. नोएडातील ‘अरुणिका’सह एकूण खर्च ८५० कोटी. अर्काचा मुख्य भाग नेहमीच्या प्रोसेसरांचा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी १.९ पेटाफ्लॉपची वेगळी यंत्रणा या प्रकल्पात आहे. मे २०२५ मध्ये सुरू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ याच अर्कावर ६ किलोमीटरच्या चौकटींत अंदाज देते, पूर्वी चौकट १२ किलोमीटरची होती.

हा सावध मार्ग चुकीचा म्हणता येणार नाही. हवामान मॉडेलांचे लाखो ओळींचे फोर्ट्रान प्रोग्रॅम अनेक दशकांत तयार झाले आहेत आणि रोजचा अंदाज थांबवून ते बदलता येत नाहीत. पण घाटमाथ्यावर धो धो आणि पलीकडच्या तालुक्यात कोरडे, हा फरक नीट पकडायला ६ किलोमीटरची चौकटही मोठी पडते. चौकट निम्मी केली की गणित साधारण आठपट वाढते, कारण आडव्या दोन्ही दिशांच्या चौकटी दुप्पट होतात आणि वेळेचे टप्पेही तितकेच बारीक करावे लागतात. इतकी वाढ फक्त सीपीयूंवर भागवायची तर विजेचे बिल परवडणार नाही. त्यामुळे पुढच्या यंत्राच्या निविदेत मॉडेल नव्याने लिहिणाऱ्या माणसांसाठी किती पैसे ठेवले आहेत, हे पेटाफ्लॉपच्या आधी पाहावे लागेल.