बसायला स्टूल देणारा कायदा

दुकानात काउंटरमागे दिवसभर उभ्या राहणाऱ्या ताईला गिऱ्हाईक नसताना टेकायला एखादं स्टूल असावं, यात वादाचं काय आहे? पण अमेरिकेतल्या युटा राज्यात एकेकाळी त्यासाठी चक्क कायदा करावा लागला! तो मांडला एका डॉक्टरीणबाईंनी. त्यांचं नाव मार्था ह्यूज कॅनन. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या सिनेटवर निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला. सिनेट म्हणजे तिथल्या विधिमंडळाचं वरचं सभागृह. आपल्या विधान परिषदेसारखंच म्हणा, पण तिथल्या सिनेटरांना लोक थेट मतं देऊन निवडतात.

मार्था 1857 साली वेल्समध्ये जन्मली. आईवडील मॉर्मन पंथाचे. पंथाच्या लोकांनी वसवलेल्या सॉल्ट लेक सिटीला जायला हे कुटुंब निघालं. वाटेत मार्थाची धाकटी बहीण दगावली आणि पोचल्यावर तीनच दिवसांत वडील गेले. मार्था तेव्हा अवघी चार वर्षांची होती. पुढे तिने छापखान्यात खिळे जुळवायचं काम धरलं आणि डॉक्टर होण्यासाठी पैसे साठवले. मिशिगन विद्यापीठात शिकताना खर्च भागवायला भांडी घासली, दुसऱ्यांची अंथरुणं आवरली. 1 जुलै 1880 ला, बरोब्बर तेविसाव्या वाढदिवशी, ती डॉक्टर झाली!

त्यानंतर ती फिलाडेल्फियाला आणखी शिकली. भाषणकलासुद्धा शिकली, बरं का! 1882 मध्ये ती तिथून परतली आणि पुढच्याच वर्षी आपल्या आनंदीबाई जोशी त्याच शहरात वैद्यकी शिकायला पोचल्या. अगदी थोडक्यात चुकामूक झाली म्हणायची.

परत आल्यावर डॉ. मार्थाबाईंनी अँगस कॅनन यांच्याशी लग्न केलं. मॉर्मन पंथात तेव्हा बहुपत्नीत्वाची चाल होती आणि अँगस यांना आधीच्या बायका होत्या. सरकारने अशा लग्नांविरुद्ध खटले भरायला सुरुवात केली. आता पंचाईत अशी, की अशा घरांतली बाळंतपणं मार्थाबाईंनीच केलेली! कोर्टात साक्ष दिली असती तर त्या मुलांचे वडील तुरुंगात गेले असते. म्हणून 1886 साली तान्ह्या लेकीला घेऊन त्या इंग्लंडला निघून गेल्या. परतल्यावर त्यांनी नर्सेससाठी वर्ग काढले.

1896 च्या जानेवारीत युटा हे वेगळं राज्य झालं आणि तिथल्या बायकांचा काढून घेतलेला मताचा हक्क परत मिळाला. (सबंध अमेरिकेतल्या स्त्रियांच्या मताला घटनेचं संरक्षण मिळायला 1920 उजाडलं.) त्याच नोव्हेंबरात निवडणूक झाली. डेमोक्रॅटिक पक्षातर्फे मार्थाबाई उभ्या, रिपब्लिकन पक्षातर्फे त्यांचे यजमान! बाई जिंकल्या, यजमान हरले. ही गोष्ट आजही चवीने सांगितली जाते. पण खरं सांगायचं तर ती काही नवराबायकोची कुस्ती नव्हती. जागा पाच होत्या, उमेदवार पुष्कळ होते आणि डेमोक्रॅट पक्षाने पाचही जागा पटकावल्या. मला तरी बाईंचं पुढचं काम जास्त मोलाचं वाटतं.

दवाखान्यात डॉक्टर एका वेळी एकच पेशंट तपासतो. पण विहिरीचं पाणीच घाण असेल तर? औषध देऊन रोगी बरा करायचा आणि त्याने घरी जाऊन पुन्हा तेच पाणी प्यायचं! मार्थाबाईंना हे चांगलं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी राज्याचं आरोग्य मंडळ स्थापण्याचं विधेयक मांडलं. पाण्याची स्वच्छता, साथीचे रोग, शाळांच्या इमारतींची तपासणी, अशा गोष्टींवर लक्ष ठेवायला आता कोणीतरी जबाबदार झालं. मूकबधिर आणि अंध मुलांच्या शिक्षणाचा कायदाही त्यांचाच. आणि दुकानातल्या मुलींच्या स्टुलाचाही.

लोक खूश झाले असतील ना? सगळेच नाही. 1900 च्या सुमारास युटात देवीची साथ आली. लस न टोचलेल्या मुलांना शाळेत घेऊ नका, असा आदेश आरोग्य मंडळाने काढला. त्यावरून असं रण पेटलं, की 1901 मध्ये विधिमंडळाने लशीची सक्ती करायलाच बंदी घातली! गव्हर्नरने नकाराधिकार वापरला, तरी सभासदांनी कायदा रेटला. तोवर मार्थाबाईंची मुदत संपली होती. (देवी म्हणजे काय, हे घरी आजी-आजोबांना विचारा. त्यांच्या हातावरचा लशीचा वणही बघून घ्या. हा रोग जगातून गेल्याचं 1980 साली जाहीर झालं, ते लशीमुळेच.)

मार्थाबाई 1932 साली लॉस एंजेलिसला वारल्या. वॉशिंग्टनच्या संसदभवनात प्रत्येक राज्याचे दोन पुतळे असतात. युटाने तिथे टेलिव्हिजनचे एक जनक फिलो फार्न्सवर्थ यांना बसवलं होतं. 2024 मध्ये त्यांच्या जागी मार्थाबाईंचा पुतळा आला.