दिराची तक्रार आणि नवऱ्याची वकिली

परवा नववीच्या वर्गात नागरिकशास्त्राचा धडा चालला होता. गुन्हा झाला की पोलीस तपास करतात आणि फिर्यादीच्या बाजूने सरकारी वकील कोर्टात उभा राहतो, असं मी फळ्यावर लिहून दिलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, गुन्हा पोलिसानेच केला असेल तर? मग सरकारी वकील कोणाचा?”

मी म्हटलं, “फिर्यादीचाच.” मुलगी खाली बसली, पण माझ्या मनातून तो प्रश्न काही जाईना. संध्याकाळी भाकरी थापतानाही तोच.

मैत्रिणींनो, ही गोष्ट घरातल्या उदाहरणानं चटकन कळेल. समजा, धाकट्या दिराने तुमचा अपमान केला. घरातली मोठी माणसं निवाड्याला बसली. पण तुम्ही स्वतः बोलायचं नाही, तुमची तक्रार तुमच्या नवऱ्याने मांडायची, असं ठरलं. नवरा काही वाईट माणूस नाही. पण उद्या त्याला त्याच भावाबरोबर शेतात जायचंय, बैलजोडी अर्ध्या वाट्याची आहे आणि सोयाबीनचे पैसे एकत्र येतात. तो तक्रार मांडेल, पण कशी? दोन वाक्यं गिळून, आवाज खाली ठेवून. खोटं एक अक्षर बोलणार नाही, पण तुमचं म्हणणं निम्मंच पोहोचेल.

सरकारी वकिलाचं असंच होतं. त्याची सगळी कामं पोलिसांच्या हातून होतात. साक्षीदाराला समन्स पोहोचवायचं त्यांनी, मुद्देमाल आणायचा त्यांनी, पंच हजर करायचे त्यांनी. वर्षभर ज्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करायचं, त्यांच्यातल्याच एकाला एके दिवशी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून उलटतपासणीत घाम फोडायचा! त्यातून नेमणूक सरकारची आणि पोलीस खातंही सरकारचंच. कुंपणाने शेत खाल्लं, तर त्याचा पंचनामा कुंपणाच्या मालकानेच करायचा, असा हा मामला.

पूर्वी तर खालच्या कोर्टात पोलीस खात्यातलेच प्रॉसिक्युटर असत. १९७४ साली नवी फौजदारी संहिता लागू झाली आणि हे काम सहायक सरकारी वकिलांकडे गेलं. पण आपल्या महाराष्ट्रात हे वकील पुढे कितीतरी वर्षं पोलीस खात्याच्याच हाताखाली राहिले. अखेर त्यांच्यातलेच काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९५ साली न्यायालयाने त्यांना पोलीस खात्यापासून वेगळं करायला सांगितलं. म्हणजे ही अडचण खुद्द वकिलांनाही जाचत होती.

आता परभणीची गोष्ट सांगते. आमचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ पर्यंत परभणीचाच भाग होता, त्यामुळे तिथलं दुःख आम्हाला परगावचं वाटत नाही.

२ डिसेंबर २००२ ला मुंबईत घाटकोपरला बसमध्ये बॉम्बस्फोट झाला. त्या प्रकरणात ख्वाजा युनूस या परभणीच्या सत्तावीस वर्षांच्या इंजिनियरला पोलिसांनी पकडलं. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं की, औरंगाबादला नेताना वाटेत जीपला अपघात झाला आणि तो पळाला. सीआयडीने तपास केला, तेव्हा तो पळाला नसून कोठडीतच मेला, असं पुढे आलं. मृतदेह कधीच मिळाला नाही. सीआयडीने चौदा पोलिसांकडे बोट दाखवलं, पण सरकारने खटल्याला मंजुरी दिली ती फक्त चौघांवर.

त्याची आई आसिया बेगम वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिली. जानेवारी २०१८ मध्ये, म्हणजे तब्बल पंधरा वर्षांनी, कोठडीत त्याच्याबरोबर असलेल्या साक्षीदाराने कोर्टात साक्ष दिली. त्या साक्षीवरून विशेष सरकारी वकील धीरज मिराजकर यांनी आणखी चार पोलिसांना आरोपी करावं, असा अर्ज केला. एप्रिल २०१८ मध्ये सरकारने मिराजकरांची नेमणूकच रद्द केली!

वकिलाने जोर लावला की वकीलच बदलायचा, अशी शंका त्या आईच्या मनात आली तर तिचं काय चुकलं? वकील परत मिळावा म्हणून तिला हायकोर्टात जावं लागलं.

मिराजकरांचा अर्ज बरोबर होता की चूक, ते कोर्टाने ठरवावं. आरोपी पोलिसालाही आपली बाजू मांडायचा पुरता हक्क आहे. सरकारी वकिलाचं कामही कुणाला कसंही करून शिक्षा लावायचं नाही, खरं काय ते कोर्टापुढे ठेवायचं आहे. पण ते ठेवणाऱ्याची खुर्ची कोणाच्या हातात आहे, हे विचारायला नको का?

परभणीतच १५ डिसेंबर २०२४ ला, कायद्याचं शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्याची आई औरंगाबाद खंडपीठात गेली. ४ जुलै २०२५ ला खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, तर त्या आदेशाविरुद्ध राज्य सरकारच सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे ३० जुलैला सरकारची याचिका फेटाळली गेली. ज्या सरकारने त्या आईच्या बाजूने खटला चालवायचा, तेच आधी तिच्या विरुद्ध उभं!

मग आपण बायकांनी काय करायचं? हात जोडून बसायचं? मुळीच नाही. चार गोष्टी वहीत लिहून ठेवा.

एक, सरकारी वकिलाला मदत करायला आपला स्वतःचा वकील देता येतो. कोर्टाची परवानगी मात्र लागते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ मध्ये ही सोय आहे. माणूस गेला असेल तर त्याचे वारसही ती मागू शकतात. आपला वकील सरकारी वकिलाच्या हाताखालीच काम करतो, पण शेवटी लेखी म्हणणं देऊ शकतो. निदान गिळलेली दोन वाक्यं कागदावर येतात.

दोन, पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला मोफत वकील मिळतो, घरचं उत्पन्न कितीही असो. फोन १५१००.

तीन, कोठडीत मृत्यू झाला तर न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी व्हावी लागते. तिथे आपला जबाब नोंदवून घ्यायला सांगा.

चार, प्रत्येक अर्जाची पोच घ्या आणि रेशनकार्डाबरोबर जपून ठेवा. पंधरा वर्षांनी आठवण दगा देते, कागद देत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्या गेल्या मी त्या मुलीला उभं केलं. म्हटलं, “काल मी अर्धंच उत्तर दिलं. सरकारी वकील फिर्यादीच्या बाजूनेच उभा असतो. पण तो पोलिसाविरुद्ध उभा असेल, तेव्हा त्याच्या शेजारी आपलंही माणूस उभं राहिलं पाहिजे.”

तिने ते वहीत उतरवून घेतलं. परीक्षेत येणार नाही, हे तिलाही माहीत होतं.