दोन किल्ल्या

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक हेड कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. संध्याकाळी रोकड मोजून दोघांनी सह्या करायच्या आणि मग तिजोरी बंद करायची, असा नियम. १९८७ साली मी एका तालुक्याच्या गावी नुकताच अधिकारी झालो होतो. आमच्या हेड कॅशियरना सगळी शाखा अण्णा म्हणे. वयाने ते माझ्या वडिलांच्या जवळपासचे. त्यांनी मोजलेली रोकड पुन्हा मोजणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणे, असे मला वाटे. म्हणून मी बंडले नुसती नजरेखालून घालून सही करीत असे. एके दिवशी विभागीय कार्यालयातून अचानक तपासणी आली. शंभराच्या नोटांच्या बंडलांतून बेचाळीस नोटा कमी भरल्या. ४,२०० रुपये.

अण्णांनी आढेवेढे घेतले नाहीत. मुलीचे लग्न ठरले होते, कार्यालयाचे आगाऊ पैसे भरायचे होते, आणि भविष्यनिर्वाह निधीतले कर्ज आठ दिवसांत मिळायचे होते. "साहेब, परत ठेवणारच होतो," एवढेच ते म्हणाले. त्याच संध्याकाळी त्यांच्या मेहुण्याने पैसे आणून भरले. तरी फिर्याद झाली, खटला उभा राहिला आणि मी सरकार पक्षाचा साक्षीदार झालो.

तेव्हा मी पहिल्यांदाच दंड संहिता उघडून बसलो. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली तिचा मसुदा केला, १८६० साली तिचा कायदा झाला, आणि १ जानेवारी १८६२ पासून ३० जून २०२४ पर्यंत तो या देशात चालला. वाचताना मला नवल वाटले ते त्यातल्या व्याख्यांचे. वस्तू घेतली म्हणजे चोरी, अशी आपली साधी समजूत. कायदा म्हणतो, वस्तू कोणाच्या ताब्यातून घेतली आणि काय मनात धरून घेतली, ते आधी सांगा. रस्त्यात बेवारशी पडलेली अंगठी उचलणारा चोर ठरत नाही. मात्र मालक कळूनही त्याने ती स्वतःकडे ठेवली, तर तो अपहार होतो. आणि विश्वासाने सोपवलेली वस्तू अप्रामाणिकपणे वापरली, तर तो फौजदारीपात्र विश्वासघात. 'अप्रामाणिकपणे' याचाही अर्थ दिलेला आहे: एकाला गैरलाभ किंवा दुसऱ्याला गैरहानी व्हावी हा हेतू.

अण्णांच्या 'परत ठेवणारच होतो'चे उत्तरही तिथेच होते. थोड्या काळापुरता केलेला अपहार हाही अपहारच, असे संहितेचे स्पष्टीकरण आहे. आणि माझ्या बिनमोजल्या सह्यांचे काय? त्या नसत्या, तर बेचाळीस नोटा बाहेर जाऊच शकल्या नसत्या. पण माझ्या मनात गैरलाभ नव्हता, म्हणून तो गुन्हा नव्हता. मला खात्याने लेखी ताकीद दिली. एकाच तिजोरीच्या दोन किल्ल्या. एक आरोपीच्या पिंजऱ्यात गेली, दुसरी साक्षीदाराच्या. ही विभागणी न्याय्य होती हे मला पटते. ती सुखाची होती असे मात्र मी कधी म्हणू शकलो नाही.

गुन्हा ठरला. आता शिक्षा किती? सरकारी नोकर किंवा बँकर यांनी केलेल्या विश्वासघाताला तेव्हाच्या ४०९ कलमात जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद, शिवाय दंड होता. एवढे कडक का, हे बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. शेतकरी भाताचे पैसे आणून खिडकीतून आत सरकवतो, ते आतल्या माणसाच्या भरवशावर. पण त्या एका 'जन्मठेप' शब्दाने दुसरेही एक घडते. १९५८च्या परिवीक्षा कायद्यानुसार पहिल्यांदा चुकलेल्या माणसाला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येते. मात्र जन्मठेपेस पात्र गुन्ह्यांना ती सवलत नाही. नोकराने मालकाच्या कपाटातून चोरी केली, तर त्याला समज देऊन सोडण्याची मुभा न्यायाधीशाला आहे. अण्णांच्या बाबतीत ते दार बंद होते.

चार वर्षांनी, १९९१ साली, निकाल लागला. दोषी ठरवल्यावर शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकावे लागते, हा १९७३च्या प्रक्रिया संहितेतला नियम. न्यायाधीशांनी विचारले. अण्णा म्हणाले, "पैसे त्याच दिवशी भरले. नोकरी गेली. आणखी काही सांगायचं नाही." त्या कलमात कमाल शिक्षा आहे, किमान नाही. तेवढ्या फटीतून न्यायाधीशांनी वाट काढली: कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दोन हजार रुपये दंड. दुसऱ्या कोर्टात, त्याच कलमाखाली, तेवढ्याच पुराव्यावर दोन वर्षेही झाली असती आणि तीही कायद्याला धरूनच असती.

माझा आक्षेप इथे आहे. गुन्ह्याची व्याख्या कायदा शब्द न् शब्द तोलून करतो आणि शिक्षेचे माप मात्र बसणाऱ्या न्यायाधीशाच्या स्वभावावर सोडतो. शिक्षेसाठी मार्गदर्शक तत्त्वे असावीत, अशी शिफारस मलिमथ समितीने २००३ साली केली. तशी तत्त्वे आपल्याकडे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली बोलून दाखवले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिनेही ती दिली नाहीत.

नव्या संहितेने एक चांगली गोष्ट केली. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि वस्तू किंवा तिचे मोल परत केले असेल, तर शिक्षा समाजसेवेची. पण ही पायरी चोरीपुरतीच आहे. बँकरच्या विश्वासघाताचे कलम जन्मठेपेसकट जसेच्या तसे पुढे आले. म्हणजे आजही ४,२०० रुपये उचलून परत करणाऱ्या दुकानातल्या चोराला समाजसेवा, आणि कॅशियरला, निदान कागदावर, जन्मठेप.

कोट्यवधी लुबाडणाऱ्यासाठी ती वरची पायरी राहू द्यावी. तिथे मला दया सुचत नाही. पण शिडीला खालचीही पायरी हवी. रक्कम किती, परत केली का आणि केव्हा, गुन्हा पहिलाच का, नोकरी आधीच गेली का, हे प्रश्न कायद्यानेच लिहून ठेवावेत आणि न्यायाधीशाने प्रत्येकाचे उत्तर निकालपत्रात द्यावे. त्याचा विवेक त्यामुळे बांधला जाणार नाही, फक्त उघड्यावर येईल. रोकड दोघांनी मोजायची असते, तशी शिक्षाही कायद्याने आणि न्यायाधीशाने मिळून मोजावी.

निकालाच्या दिवशी अण्णा कोर्टाच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. माझे काम संपले होते, एस.टी. चारची होती. मी ती सोडली. कोर्ट उठेपर्यंत आम्ही दोघे त्या बाकावर बसून होतो, काही न बोलता.