आशाताईंचा संप आणि आपले आरोग्य

आरोग्याच्या सदरात संपाचे आणि संघटनेचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. डॉक्टरांनी रक्तदाबावर, मधुमेहावर, पावसाळी आजारांवर लिहावे. मोर्चा, मागण्या हे विषय पहिल्या पानावरचे. माझेही मत बरीच वर्षे असेच होते. ते का बदलले, हे सांगण्यासाठी आजचा लेख.

माझा दवाखाना वसई पूर्वेला, महामार्ग ओलांडून आत गेल्यावर आहे. येणारे रुग्ण पाड्यांवरचे, चाळींमधले, आणि दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडून वीटभट्ट्यांवर येणारे. या भागातील एक आशाताई माझ्या चांगल्या परिचयाच्या आहेत. दोन पाडे आणि हंगामात भट्ट्यांवरची कुटुंबे एवढे त्यांचे क्षेत्र. एरवी त्या रुग्णाला घेऊन येतात. एका संध्याकाळी मात्र एकट्याच आल्या. जिना चढताना धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, अशी तक्रार होती. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन 7.8. स्त्रीच्या रक्तात ते किमान 12 असावे. आठाच्या खाली गेले की आम्ही त्याला तीव्र रक्तक्षय म्हणतो.

मी म्हणालो, "ताई, तुम्ही साऱ्या गावाला लोहाच्या गोळ्या वाटता आणि स्वतःचे हे काय?"

त्या हसल्या. "डॉक्टर, कोणत्या बाईने किती गोळ्या घेतल्या, सगळे माझ्या वहीत आहे. त्या वहीत माझे नाव नाही ना."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी औषधे दिली, पंधरा दिवस विश्रांती घ्या म्हणालो. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. विश्रांती घेतली तर त्या पंधरा दिवसांचे पैसे बुडतात, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही.

आशा म्हणजे काय, हे आधी थोडक्यात पाहू. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान 2005 साली सुरू झाले, त्यात ही योजना आली. साधारण हजार लोकवस्तीमागे त्याच गावची एक स्त्री निवडायची, तिला प्रशिक्षण द्यायचे, आणि घर व दवाखाना यांच्यामधला दुवा म्हणून तिने काम करायचे, अशी ही कल्पना. गरोदर बाईची नोंद, तिला प्रसूतीसाठी दवाखान्यात नेणे, लसीकरणाच्या दिवशी मुले गोळा करणे, क्षयरोग्याला सहा महिने न चुकता गोळ्या घ्यायला लावणे, तापाच्या साथीत घरोघर फिरणे ही तिची कामे. पुढे शहरी अभियान आल्यावर शहरातील वस्त्यांनाही आशा मिळाल्या.

यातले एकच काम घ्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन पाहायचे असते. वजन करायचे, अंग गार आहे का, बाळ दूध ओढते का, नाळ लाल झाली आहे का, हे तपासायचे. ही पद्धत आपल्याच महाराष्ट्रातली. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना शिकवून ती राबवली आणि नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 साली हा अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जगाने त्याची दखल घेतली. आशाला या सहा भेटींचा मोबदला ठरला 250 रुपये. एका भेटीला बेचाळीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. पाडा लांब असेल तर रिक्षाला याहून जास्त जातात.

आता माझी चूक सांगतो. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये राज्यातील आशा व गटप्रवर्तक संपावर गेल्या. नोव्हेंबरमध्ये मानधनवाढीची घोषणा झाली आणि त्या कामावर परतल्या. घोषणेचा शासन निर्णय काही निघेना, म्हणून जानेवारी 2024 मध्ये त्या पुन्हा बाहेर पडल्या. त्याच सुमारास, 4 डिसेंबर 2023 पासून अंगणवाडी सेविका व मदतनीसही संपावर होत्या. तो संप 25 जानेवारीपर्यंत चालला. भट्ट्यांचा तो भर हंगाम. लसीकरणाला मुले येईनात, क्षयरोगाचे दोन रुग्ण गोळ्या सोडून बसले. माझी चिडचिड होऊ लागली. अशातच भट्टीवरची एक बाळंतीण दहा दिवसांचे मूल घेऊन आली. मूल गार पडले होते, दोन दिवस नीट दूध ओढत नव्हते. छातीशी कपड्यात गुंडाळून त्याला तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवले. मूल वाचले. पण सातव्या दिवसाची भेट झाली असती तर ही वेळ आली नसती, असे म्हणून त्या रात्री मी घरी संपाला भरपूर दोष दिला.

खरी हकिकत नंतर कळली. आशाताई त्या दिवशी मुंबईत आझाद मैदानावर होत्या. तिथून त्यांनी त्या बाळंतिणीच्या नवऱ्याच्या मोबाईलवर चौकशी केली. बाळ दूध ओढत नाही हे ऐकताच, "आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जा, थांबू नका," असे बजावले. म्हणून ती बाई माझ्यापर्यंत पोहोचली. ज्या संपाला मी दोष देत होतो, त्या संपात बसलेल्या बाईच्या फोनमुळेच ते मूल जगले होते.

मला लाज वाटली, आणि विचारही करावा लागला. एक बाई दोन महिने कामावर नाही म्हणून जर माझ्या भागातील आरोग्यसेवा अशी लंगडी पडते, तर त्या बाईचे काम किती मोलाचे आहे! मग तिला आपण काय म्हणतो? स्वयंसेविका. तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन किंवा मोबदला. अंगणवाडी ताईंचेही तेच. या शब्दांत मान आहे असे वाटते. प्रत्यक्षात किमान वेतन, आजारपणाची रजा, निवृत्तिवेतन यांतून सुटण्याची ती वाट आहे. मे 2013 मध्ये भारतीय श्रम परिषदेने, म्हणजे सरकार, मालक आणि कामगार संघटना यांच्या एकत्रित बैठकीने, योजनांवर काम करणाऱ्या या स्त्रियांना कामगार मानावे, किमान वेतन द्यावे, अशी शिफारस केली. पुढे एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. त्यासाठी गुजरातमधील सेविकांना थेट दिल्लीपर्यंत लढावे लागले. एकट्यादुकट्या बाईला हे झेपले असते का?

पालघर जिल्ह्याला तरी संघटनेचे मोल सांगण्याची गरज पडू नये. तलासरी तालुक्यातील झरी गावी मे 1945 मध्ये वारली जमले आणि यापुढे वेठ करणार नाही असे ठरवले. त्यांना संघटित करणाऱ्या गोदावरी परुळेकरांनी त्याआधी मुंबईत घरकामगारांचीही संघटना बांधली होती. आपल्या वसई तालुक्यात 1982 साली श्रमजीवी संघटना उभी राहिली ती वेठबिगार सोडवण्यासाठी. वेठबिगारीबंदीचा कायदा 1976 चा, पण तो पाड्यांपर्यंत पोहोचलाच नव्हता. याच चळवळीतील विधायक संसदेने पुढे वीटभट्ट्यांवरील मुलांसाठी भोंगा शाळा चालवल्या. मजुराला मजुरी मिळवून दिली म्हणजे संपले, असे या लोकांनी मानले नाही. मजुराचे मूल शिकले पाहिजे, हेही त्यांनी आपलेच काम मानले.

संघटना म्हणजे केवळ पगारवाढ, हा समज किती अपुरा आहे ते अंगणवाडी ताईंच्या मागणीपत्रात दिसते. 2023 च्या संपात स्वतःच्या वेतनाबरोबर त्यांनी मुलांच्या आहाराचा दर वाढवून मागितला. त्या वेळी अंगणवाडीतील सर्वसाधारण मुलामागे दिवसाला 8 रुपये मिळत. ते 16 करा, आणि तीव्र कुपोषित मुलासाठी 24 करा, ही त्यांची मागणी होती. 8 रुपयांत आज अर्धा कप चहा येतो. जव्हार-मोखाड्यातील बालमृत्यूंवर तीस वर्षे लेख लिहिले गेले, अहवाल निघाले; पण मुलाच्या ताटातले रुपये मोजून त्यासाठी मैदानात बसल्या त्या या बाया. त्याआधी ऑगस्ट 2021 मध्ये त्यांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. ते निकृष्ट होते आणि पोषणाची माहिती इंग्रजीतून भरावी लागत होती. माहिती चुकीची भरली गेली तर उपाशी मूल कागदावर धष्टपुष्ट ठरते. तेव्हा ती तक्रारसुद्धा मुलांच्याच हिताची होती.

संघटनेचे दुसरे काम बाहेर फारसे दिसत नाही. रात्री दोन वाजता बाळंतिणीला घेऊन गेलेल्या आशाने उरलेली रात्र कोठे काढायची? वस्तीत कोणी अंगावर आले तर पोलिसांत तिच्याबरोबर कोणी जायचे? दिवसभर फिरताना स्वच्छतागृह नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्या, आणि त्यामुळे लघवीच्या जंतुसंसर्गाने बेजार झालेल्या कितीतरी बाया मी तपासतो. या गोष्टी एकटीने साहेबांकडे मांडल्या तर "जमत नसेल तर सोडा" असे उत्तर येते. शंभरजणी मिळून गेल्या तर निदान खुर्ची पुढे केली जाते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. संपात हाल होतात ते गरिबांचे. साहेबांची मुले अंगणवाडीत जात नाहीत. हे मी नाकारत नाही. दहा दिवसांचे ते गार पडलेले मूल मी हातात घेतले आहे. संघटनांनीही नवजात बाळे, जोखमीच्या गरोदर बाया आणि क्षयरोगी यांच्यासाठी संपातही काही सोय ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पण मग दुसऱ्या बाजूलाही विचारले पाहिजे. नोव्हेंबर 2023 ला सात हजारांची वाढ जाहीर झाली, आणि मार्च 2024 मध्ये मंत्रिमंडळाने मान्य केली ती पाच हजारांची. मधल्या चार महिन्यांत ज्या मुलांच्या लसी चुकल्या, त्याचा दोष कोणाच्या पदरात टाकायचा? करोनाच्या साथीतही जून 2021 मध्ये नऊ दिवसांचा संप करावा लागला, तेव्हा कुठे दीड हजार रुपये वाढले. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. गौरवाने पोट भरत नाही आणि हिमोग्लोबिनही वाढत नाही.

आणि सरकारला बोल लावून आपण मोकळे होऊ नये. वसई-विरारच्या इमारतींत आज कितीतरी घरांत अंथरुणावर खिळलेले वृद्ध आहेत आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्या ब्यूरोच्या बाया आहेत. बारा-बारा तास काम, वजन उचलून दुखावलेली कंबर, महिन्याच्या पगारातून ब्यूरोचे कमिशन. 1980 साली पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना झाली. या बायांना अजून तोही आधार नाही. त्यांची मालक मंडळी आपणच आहोत. आठवड्याची सुट्टी, आजारपणाची भरपगारी रजा, दुपारी तासभर पाठ टेकायला जागा, एवढे तरी कायदा येण्याची वाट न पाहता देता येते. थकलेल्या बाईकडून औषधाची वेळ चुकते, रुग्णाची कूस बदलायची राहते, पाठीला जखमा होतात. तिची विश्रांती हा आपल्या आईवडिलांच्या उपचाराचाच भाग आहे.

आशाताई आणि अंगणवाडी ताई यांच्यासाठीही वाचकांना काही करता येईल. घरी आल्या की त्यांना बसायला सांगा, पाणी द्या, स्वच्छतागृह वापरू द्या. ग्रामसभेत किंवा नगरसेवकाकडे त्यांच्या थकलेल्या मानधनाची चौकशी करा. पुन्हा कधी संप झाला तर शिव्या देण्याआधी त्यांचे मागणीपत्र एकदा वाचा.

आमच्या आशाताईंना मी लोहाची गोळी रोज एक, जेवणानंतर लिंबाच्या सरबताबरोबर, आणि गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, असे सांगितले आहे. जंताची गोळीही दिली. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन 10.4 वर आले. पंधरा दिवसांची विश्रांती मात्र त्यांना मिळाली नाही. ती लिहून देणे माझ्या हाती होते. मिळवून देणे नव्हते. ते संघटनेचे काम आहे, आणि म्हणून या सदरात तिच्या बाजूने लिहिणे मला डॉक्टर म्हणून माझे काम वाटते.