गुन्हा तोच, माफी माणूस बघून

'डार्क रोमान्स' हा शब्द आता आपल्या मोहल्ल्यांतही पोचला आहे. काळ्या मुखपृष्ठावर गुलाब, काटे आणि सुरी छापलेल्या या इंग्रजी कादंबऱ्या कॉलेजात जाणाऱ्या मुलींच्या हातात दिसतात, त्याहून जास्त त्यांच्या फोनमध्ये असतात. घरातली मोठी माणसं अस्वस्थ होतात. कोणी म्हणतं फोन काढून घ्या, कोणी म्हणतं शिकवलं हीच चूक झाली. उलट बाजूला इन्स्टाग्रामवर पुस्तकांबद्दल भरभरून बोलणाऱ्या मुली म्हणतात, ही निव्वळ कल्पना आहे, आम्हाला खरं-खोटं कळतं, तुम्ही यात पडू नका. माझं भांडण दोघांशीही आहे. मुलींशी थोडं, मोठ्यांशी बरंच, आणि या पुस्तकांशी सगळ्यात जास्त.

आधी ही पुस्तकं काय आहेत ते पाहू, कारण बंदी मागणाऱ्यांनी ती सहसा वाचलेली नसतात. एच. डी. कार्लटन या लेखिकेची 'हॉन्टिंग ॲडलाइन' २०२१ मध्ये आली. आजीच्या जुन्या, ऐसपैस घरात राहायला आलेली एक तरुण लेखिका आणि तिच्या पाळतीवर असलेला एक अनोळखी पुरुष. तो बंद घरात शिरतो, गुलाब ठेवून जातो, तिच्या फोनवर संदेश पाठवतो. सुरुवातीचा बराच भाग मी थरारकथा म्हणून वाचला, आणि भीती वाटली. मग लक्षात आलं की लेखिकेला वाचकाला घाबरवून थांबायचं नाही, तिला त्याचं मन वळवायचं आहे. हाच माणूस नायक आहे. तो तिच्यावर जबरदस्ती करतो आणि तरीही नायकच राहतो. का? तर उरलेल्या वेळात तो मुलाबाळांची तस्करी करणाऱ्यांना शोधून मारतो. म्हणजे एका खात्यात पुण्य जमा, दुसऱ्या खात्यात एका मुलीच्या 'नाही'ची उधारी, आणि शेवटी हिशेब चुकता. माझा पहिला राग या हिशेबावर आहे.

आता हीच गोष्ट थरारकथेत कशी येते ते पाहा. कॅरोलाइन केप्नेस यांची 'यू' ही कादंबरी २०१४ ची. न्यूयॉर्कमधल्या पुस्तकाच्या दुकानात काम करणारा जो हा तरुण एका मुलीवर पाळत ठेवतो, तिचे संदेश वाचतो, वाटेत येणाऱ्यांना संपवतो. गोष्ट तोच सांगतो, गोड शब्दांत सांगतो. पण लेखिका त्याला माफ करत नाही. खुनी माणूस स्वतःच्या करणीला प्रेम कसं म्हणवून घेतो, हे ती आपल्याला त्याच्या डोक्यात बसवून दाखवते. पुढे त्यावर मालिका आली आणि काही प्रेक्षक जोच्याच प्रेमात पडले. तेव्हा ती भूमिका करणाऱ्या पेन बॅजली या नटाला ट्विटरवर चाहत्यांना आठवण करून द्यावी लागली की हा माणूस खुनी आहे.

आपल्याकडच्या घरांत इब्ने सफ़ी वाचले गेले. १९५२ साली अलाहाबादहून त्यांची 'जासूसी दुनिया' सुरू झाली. गुन्हा घडतो आणि शेवटी गुन्हेगार उघडा पडतो, हा तिथला करार होता. वाचक अंधारात शिरायचा, पण बाहेर येताना त्याला माहीत असायचं की अंधार कोणी केला होता. म्हणून अंधाराला माझी हरकत नाही. गुन्ह्याची गोष्ट वाचल्यानं कोणी गुन्हेगार होत नाही. हरकत आहे ती शेवटच्या पानावर वाटल्या जाणाऱ्या माफीला.

आणि ही माफी सगळ्यांना मिळत नाही. डार्क रोमान्सचे नायक पाहा: इटालियन माफियाचा वारस, अब्जाधीश उद्योगपती, स्वतःचं विमान बाळगणारा हॅकर. पोलिश लेखिका ब्लांका लिपिन्स्का यांच्या '३६५ डेज'मध्ये सिसिलीचा माफिया एका तरुणीला पळवतो आणि प्रेमात पडण्यासाठी तिला वर्षाची मुदत देतो. २०२० मध्ये या गोष्टीवरचा चित्रपट नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा वेल्सची गायिका डफी हिनं कंपनीच्या प्रमुखांना जाहीर पत्र लिहिलं. तिनं स्वतः अपहरण आणि बलात्कार भोगला होता. अपहरणाला असं झगमगीत करू नका, एवढंच तिचं म्हणणं होतं.

या नायकाच्या जागी भिवंडीच्या यंत्रमागावर रात्रपाळी करणारा तरुण ठेवून पाहा. कृती तीच: मुलीच्या मागे फिरणं, नको असताना संदेश पाठवणं, तिच्या घरात घुसणं. कोणती लेखिका त्याला नायक करेल? लोक पोलिसांना बोलावतील, आणि ते योग्यच होईल. नको म्हटल्यावरही मुलीचा पिच्छा करणं हा आपल्याकडे २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा सिसिलीचा वाडा आणि भिवंडीची खोली यांत फरक करत नाही. कादंबरी करते. तिथे जबरदस्तीला प्रेमाचा रंग चढतो तो पैशानं, रुपानं आणि कातडीच्या रंगानं.

हे अनुमान वाटत असेल, तर शंभर वर्षं मागे जाऊ. ई. एम. हल या इंग्रज लेखिकेची 'द शेख' ही कादंबरी १९१९ मध्ये आली आणि प्रचंड खपली. १९२१ मध्ये त्यावर रुडॉल्फ व्हॅलेंटिनोचा मूकपट निघाला. आजच्या डार्क रोमान्सची ही आजीबाईच म्हणायची. डायना मेयो ही इंग्रज तरुणी अल्जीरियाच्या वाळवंटात फिरायला जाते. अहमद बेन हसन नावाचा शेख तिला पळवून तंबूत डांबतो, तिच्यावर बळजबरी करतो, आणि पुढे ती त्याच्या प्रेमात पडते. मध्येच इब्राहिम उमैर नावाचा दुसरा शेख तिला पळवतो. तो मात्र किळसवाणा रंगवलेला आहे, आणि नायक त्याला ठार मारतो. दोघांचा गुन्हा एकच. एकाला बायको मिळाली, दुसऱ्याला मरण.

फरक कुठे होता, हे शेवटी कळतं. अहमद अरब नव्हताच! बाप इंग्रज उमराव, आई स्पॅनिश. अरब शेखानं फक्त त्याला वाढवलेलं. बळजबरी करायला लेखिकेला अरबाचा पोशाख हवा होता, आणि लग्न लावायला इंग्रज रक्त. पळवून नेणारा, दाढीवाला, जनानखान्याचा मालक ही मुसलमान पुरुषाची प्रतिमा अशी कामापुरती उसनी घेतली गेली आणि काम झाल्यावर टाकून दिली. पुढे इंग्रजी थरारकथांनी तीच उचलली आणि तिच्या हातात बाँब दिला. मुसलमान वाचकानं ही पुस्तकं वाचताना हा इतिहास डोक्यात ठेवायला हवा. 'धोकादायक पुरुष' हे कोणासाठी आकर्षणाचं विशेषण आहे आणि कोणासाठी आरोपपत्र, हे लेखक गोष्ट सुरू होण्याआधीच ठरवून बसलेले असतात.

आता वाचक मुलींच्या म्हणण्याकडे येऊ. कल्पना म्हणजे इच्छा नव्हे, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. भूताची गोष्ट आवडणाऱ्याला घरात भूत नको असतं. भीतीचा सराव सुरक्षित जागी करता येतो, आणि पुस्तक हवं तेव्हा मिटता येतं. बसमध्ये, क्लासच्या वाटेवर, पाहुण्यांनी भरलेल्या घरात अंगावरच्या नजरा झेलणाऱ्या मुलीला एखाद्या भीतीवर स्वतःचा ताबा हवासा वाटला, तर त्यात नवल नाही. बऱ्याच लेखिका पहिल्याच पानावर आत काय आहे याची सूचना देतात, तो प्रामाणिकपणाही मान्य. बायका जे वाचतात ते हलकंच असतं, असं समजणाऱ्या समीक्षकांच्या रांगेतही मला उभं राहायचं नाही.

पण मुलींनो, एक गोष्ट तपासा. एका पुस्तकातली कल्पना ही कल्पना असते. पन्नास पुस्तकांत तोच साचा आला की ती सवय होते. मत्सर म्हणजे माया, पाळत म्हणजे काळजी, धमकी म्हणजे ओढ असं समीकरण डोक्यात बसतं, आणि मग कॉलेजातला एखादा मुलगा तुमच्या फोनचा पासवर्ड मागतो तेव्हा त्याच्यातलं वाईट ओळखायला उशीर लागतो. तुम्ही मूर्ख आहात म्हणून नव्हे, तर त्याचे शब्द ओळखीचे वाटतात म्हणून.

आणि आता आपल्या मोठ्या माणसांकडे. तुम्हाला इंग्रजी कादंबरीतलं चुंबन दिसतं. त्याच फोनमधल्या उर्दू कादंबऱ्या दिसत नाहीत का? इंटरनेटवर त्या ढिगानं आहेत, पीडीएफमध्ये, रोमन लिपीतही. त्यांची वर्गवारीच पाहा: रूड हीरो, फोर्स्ड मॅरेज, हवेली, वनी. वनी म्हणजे खुनाच्या वैरात तडजोड म्हणून दिलेली मुलगी! गोष्टीचा सांगाडा ठरलेला. जमीनदाराचा तापट मुलगा मुलीला उचलून आणतो, धाक घालून 'कबूल है' म्हणवून घेतो, हवेलीत डांबतो, थोबाडीत मारतो, आणि शेवटी ती त्याची नमाजी, पडदानशीन, सुखी बायको होते. यावर जुम्म्याच्या बयानात कधी काही ऐकलंय? या गोष्टीत निकाह आहे, म्हणून ती पाक समजली जाते. माफिया जे पैशानं धुतो, ते इथे निकाहनाम्यानं धुतलं जातं.

हे धुणं दीनच्या नावानं चालतं, म्हणून दीन काय सांगतो तेही ऐका. खन्सा बिन्त खिदाम यांचा निकाह वडिलांनी त्यांच्या मर्जीविरुद्ध लावला. त्या तक्रार घेऊन पैगंबरांकडे गेल्या आणि पैगंबरांनी तो निकाह रद्द ठरवला. बुखारीत ही नोंद आहे. जी गोष्ट सख्ख्या बापाला करता आली नाही, ती हवेलीतल्या छोट्या सरकारांना कशी माफ होते? आपल्या देशाचा कायदाही या बाबतीत हवेलीच्याच बाजूला उभा आहे. न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये अपवाद आहे: बायको अठरा वर्षांच्या वर असेल, तर नवऱ्यानं तिच्यावर केलेली जबरदस्ती बलात्कार ठरत नाही. म्हणजे डार्क रोमान्स फक्त पुस्तकांच्या दुकानात आहे असं समजू नका. तो कायद्याच्या पुस्तकातही छापलेला आहे.

याची दुसरी बाजू तुम्हाला चांगलीच ठाऊक आहे. केरळच्या हादियानं स्वतःच्या मर्जीनं इस्लाम स्वीकारला, स्वतःच्या मर्जीनं निकाह केला. २०१७ मध्ये उच्च न्यायालयानं तो विवाह रद्द केला. चोवीस वर्षांची मुलगी दुबळी असते, तिला सहज फसवता येतं, असा त्या निकालाचा सूर होता. ती कित्येक महिने आईवडिलांच्या घरात पहाऱ्यात राहिली. माझं लग्न माझ्या मर्जीचं आहे, हे ती पुनःपुन्हा सांगत होती. ८ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तिचं म्हणणं मान्य केलं. एका सज्ञान बाईचा 'हो' हा 'हो'च आहे, एवढं ठरायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. आपल्या राज्यातही डिसेंबर २०२२ मध्ये आंतरधर्मीय विवाहांवर लक्ष ठेवायला सरकारनं समिती नेमली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये 'लव्ह जिहाद'विरोधी कायद्याचा विचार करायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची दुसरी.

दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. कादंबरीत मुलीच्या 'नाही'चा अर्थ 'हो' लावला जातो, कारण पुरुष देखणा आणि श्रीमंत आहे. बाहेर मुलीच्या 'हो'चा अर्थ 'नाही' लावला जातो, कारण पुरुष मुसलमान आहे. दोन्हीकडे ती काय बोलली याला किंमत नाही. किंमत आहे ती पुरुष कोण, याला. हादियासाठी आपण आवाज उठवला, ते बरोबरच केलं. पण ज्याला तिचा 'हो' मान्य आहे, त्याला आपल्या घरातल्या मुलीचा 'नाही'ही मान्य करावा लागेल. एक घेऊन दुसरा टाकता येत नाही.

म्हणून पुस्तक हिसकावून घेऊ नका. हिसकावलेलं पुस्तक चादरीखाली वाचलं जातं, आणि चादरीखाली वाचणाऱ्या मुलीशी कोणी बोलत नाही. ते मागून घ्या, वाचा, आणि तिला विचारा: या मुलीनं नको म्हटलं तेव्हा तो थांबला का? न थांबणारा हा माणूस गरीब असता तर तुला चालला असता का? ती जे उत्तर देईल ते ऐकून घ्या, मध्ये बोलू नका. आणि तिनं उलट विचारलं की चाचा, गेल्या वर्षी आपाला रिश्ता आला तेव्हा ती तीन वेळा नको म्हणाली होती, ते कोणी ऐकलं, तर त्याचं उत्तर तयार ठेवा.