गोट्यांचा डबा आणि नोंदवही

वार्षिक परीक्षा आटोपल्या की घरोघरी पत्र्याच्या पेट्या आणि माळे आवरण्याचे काम निघते. त्यात हमखास एक डबा हाती लागतो. हलवला की खुळखुळतो. आत गोट्या! आई म्हणते टाकून दे, पोरगा म्हणतो मला हव्यात आणि दारावरचा भंगारवाला म्हणतो, काचेला भाव नाही, पण घेऊन जातो. आमचे सांगणे एवढेच की, त्या डब्याचा निकाल तराजूवर लावू नका. आधी गोट्या ताटात ओता, उन्हात बसा आणि एकेक हातात घेऊन बघा.

बघायची ती तोडीची खूण. हाताने केलेली गोटी कशी होते? तापलेल्या काचेची जाड कांडी ओढतात. तिच्या पोटात रंगीत काचेच्या काड्या घातलेल्या असतात. कांडीला पीळ दिला की आतले रंगही पिळले जातात. मग कांडीचे टोक चिमट्यात धरून गोल फिरवायचे आणि तोडायचे. तोडले तिथे खडबडीत डाग राहतो. तो कधी एकाच टोकाला असतो, कधी दोन्ही टोकांना. रंगाचे पट्टे एका टोकाकडून निघून दुसऱ्या टोकाकडे जातात. असा खास चिमटा जर्मनीतील लाउशा या काचकामगारांच्या गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तयार झाला. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि जर्मनीचा हा व्यापार बसला.

तोवर अमेरिकेतील ॲक्रन गावी मार्टिन ख्रिस्टेन्सन यांनी गोट्या करण्याच्या यंत्राचे पेटंट १९०५ साली घेतले होते. वितळलेल्या काचेचा गोळा खाचा पाडलेल्या लोखंडी चाकांमध्ये फिरत फिरत गोल होतो. कांडी नाही, म्हणून ती तोडण्याची खूणही नाही. आपण गलीत टिचकीने मारल्या आणि हरलो तेव्हा कोपराने ढकलत नेल्या, त्या बहुतेक याच यंत्राच्या वंशातल्या. स्वच्छ काच आणि मधे मांजराच्या डोळ्यासारखी रंगीत पाकळी असलेली गोटी तर जपानने दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात आणली. तेव्हा अशी गोटी दाखवून ‘पणजोबांची आहे, शंभर वर्षांची आहे’ असे कोणी सांगत असेल, तर पैसे खिशातच ठेवा. काचेत बुडबुडा दिसला म्हणून गोटी जुनी ठरत नाही. काही हिरवट-पिवळ्या गोट्या नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली झगझगीत हिरव्या दिसतात, कारण काचेत युरेनियम मिसळलेले असते. मजा म्हणून बघावे, पण तेवढ्यावरून वय ठरवू नये.

आपल्या श्रीरामपूर-बेलापूरकडच्या डब्यांत आणखी एक जात सापडते. साधी, पट्टा नाही, पाकळी नाही, किंचित हिरवट. तिच्याकडे कोणी बघत नाही. ही सोड्याच्या बाटलीतली गोटी. लंडनच्या हायरम कॉड यांनी १८७२ साली या बाटलीचे पेटंट घेतले. बाटली घडवतानाच गोटी आत टाकून गळा आवळतात. तोंडाशी रबराची चकती असते. बाटलीत भरलेला वायू गोटीला खालून रबरावर दाबून धरतो आणि बूच लागते. ठोकणी दिली की फट्ट! गळ्याला दोन खळगे असतात. ओतताना गोटी त्यांत अडकते, म्हणून तोंडाशी येत नाही. जपानात रामुने नावाचे पेय आजही अशाच बाटलीत मिळते.

माता-भगिनींना दोन गोष्टी कळकळीने सांगतो. गोटीसाठी भरलेली बाटली पोरांना फोडू देऊ नका, काच डोळ्यात जाते. आणि रांगत्या बाळाच्या हाती गोटी येऊ देऊ नका, घशात अडकली तर श्वास कोंडतो. गोट्या धुवायच्या तर साबणाच्या कोमट पाण्याने धुवा. चुलीवर तापवून गार पाण्यात टाकू नका. आत तडे गेले की दिसायला सुंदर दिसते, पण गोटी कामातून जाते. घासून चकचकीतही करू नका. खेळून पडलेल्या चंद्रकोरीच्या खुणा हाच तिचा जन्मदाखला.

आता नोंदीबद्दल. आम्ही पडलो कारकून, आवक-जावक लिहिल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. पण हा केवळ कारकुनी खाक्या नव्हे. आपल्याच तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबाद आहे. १९७४ साली तिथे एका भिल्ल बांधवाला झाडाचे मूळ खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या. रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. वजन साठ किलोच्या वर. त्या पद्धतशीर उत्खननात, थर मोजत मिळाल्या नव्हत्या, म्हणून त्यांच्या वयावरून पंडितांत वाद झाला. एवढ्या मोलाच्या वस्तूंची ही गत, तर गोटीला कोण विचारतो? म्हणून वस्तू कुठून आली, कोणी दिली, केव्हा दिली, हे त्याच दिवशी वहीत लिहावे.

आमच्या अभ्यासिकेतील सहावीतली एक मुलगी गेल्या उन्हाळ्यात आजोबांचा डबा घेऊन आली. ‘काका, यातल्या भारी कोणत्या?’ ताटात ओतल्या. मांजरडोळे पुष्कळ, दोन-तीन गारेच्या आणि तळाशी त्या साध्या हिरवट. मोजल्या तर एकतीस. एवढ्या सोड्याच्या गोट्या एका घरात कशा, म्हणून संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. म्हातारबाबा तरुणपणी दुसऱ्याच्या सोड्याच्या गाडीवर रोजाने होते. म्हणाले, ‘‘साहेब, बाटली फुटली की मालक मजुरीतून कापायचा. पैशे गेले, मग गोटी तरी माझी. मी ती उचलून आणायचो.’’ तळहात उघडून त्यांनी काचेने कापल्याची पांढरी रेघ दाखवली. सुनेने चहा ठेवला होता, ती आधण विसरून दाराशी उभी राहिली. तिलाही हे ठाऊक नव्हते. त्या दिवसात कापलेल्या पैशांची पावती कोण देणार? मालकाकडे वही असली तरी ती मालकाचीच.

मुलीने तिथेच वही उघडली. आम्ही रकाने आखून दिले आणि तिने लिहिले, ‘सोड्याच्या बाटलीतल्या गोट्या, नग ३१. प्रत्येकीमागे एका बाटलीची कपात.’ मोठ्याने वाचून दाखवले. बाबांनी डोळे मिटून ऐकले, मग हात वर केला.

‘‘एकतीस नको लिहू बाळा. दोन बाटल्या बाजारात गिऱ्हाइकाच्या हातनं फुटल्या होत्या. त्यांचे पैशे नव्हते कापले. त्या दोन येगळ्या लिही.’’

तिने खोडले, २९ केले आणि खाली दोनसाठी नवी ओळ घातली.